वरनं दिसलेला कोपरा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूर
९ फेब्रुवारी २०२६

चि. मल्लाप्पास,
अनेक आशीर्वाद.

अव्वाच्या समाधीचा कट्टा कुठं गेला मल्ल्या? वर आशीर्वाद लिहिले ते रीत म्हणून. फोन केला की तू रेंज नाही म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून कागद घेतलाय. चौथीतनं शाळा सुटली माझी, अक्षर वाकडं आहे, पण वाचावं लागेल तुला.

शनिवारी तुझ्या लेकीनं, शलाकानं, मला तिच्या कार्यक्रमाला नेलं. पोरगी कॉलेजापासून माझ्याकडंच राहते, उडत्या कॅमेऱ्याचं काम करते, तरी आजवर तिचं एक काम मी पाहिलं नव्हतं. खाणावळ बंद ठेवली. जेवणाऱ्या पोरांना सांगितलं की आज बाहेर खा, माझ्या भाचीचा सिनेमा आहे. ठेवणीतलं इरकल नेसून गेले.

मोठा पडदा, पडद्याखाली वाजवणारे, सगळे काळ्या कपड्यात. लहान-मोठी व्हायोलिनं, आणि एक पेटीसारखं होतं, त्याचा आवाज पैंजण डब्यात हलवल्यागत. शलाका म्हणाली, तीनशे वर्षांपूर्वीचं परदेशातलं दरबारी वाजप आहे. पडद्यावर आभाळातनं घेतलेली रानं आणि नद्या, बोलणं काही नाही. मला आधी डुलकी लागली. मग कृष्णा दिसली, आपल्या अथणीकडचं वळण, आणि झोप उडाली. खालचा जाडा सूर तोच तोच फिरत होता, मोटेचा बैल मागं-पुढं करतो तसा, आणि वर बारीक व्हायोलिनं रडत होती. मला एकदम अव्वा आठवली.

मग आपली विहीर आली. बांधावरचे दोन लिंब आले. मी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं, म्हटलं हे आमचं रान, आमच्या आईला इथंच ठेवलंय. कन्नडमधनं दोनदा सांगितलं. आता अव्वाचा कट्टा येणार म्हणून मान लांब करून बसले. आणि कोपऱ्यात काय आलं? हिरव्या जाळीचं, पत्र्याचं बेदाण्याचं शेड.

मी उभी राहून ओरडले, थांबवा, मागं घ्या. कोण थांबवतंय? वाजवणारे वाजवत राहिले, रान सरकून गेलं, सगळं थिएटर माझ्याकडं बघत होतं.

तू जमीन नावावर करायला आलास तेव्हा मी तिथल्या तिथं सही केली. तुला एवढंच म्हटलं होतं की तो कोपरा नांगरायचा नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई मी, सासरच्या मातीत मला जागा नाही. आपल्यात जाळत नाहीत, अव्वाला जिथं मातीत बसवलं तिथं तिच्या शेजारी मला बसवायचं. तू बांधावरच्या लिंबाची आण घेऊन होय म्हणालास.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, शलाका म्हणते हे सगळं दिवाळीनंतर घेतलंय. म्हणजे शेड तेव्हाच उभं होतं. तरी वेळ अमावास्येला, रानपूजेच्या दिवशी, तू बसनं डबा पाठवलास, उंडे आणि भज्जी, अव्वाच्या कट्ट्यावर ठेवून आणलेला प्रसाद म्हणून. मी कपाळाला लावून खाल्ला रे. खाणावळीतल्या पोरांनाही चिमटीचिमटीनं वाटला. तो कुठं ठेवला होतास, ते कळव.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, ती पाळली.

तुझी अक्का,
महानंदा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

हिरेवाडी, ता. अथणी
१८ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
मल्लाप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. इकडं सर्व क्षेम. यंदा द्राक्षाचा माल चांगला आहे, थंडीनं थोडं दमवलं. तुझ्या भावजयीचा गुडघा तसाच.

अक्का, वरनं सगळी रानं सारखीच दिसतात. तू चष्मा लावत नाहीस. पहिल्यांदा मला वाटलं असंच लिहावं आणि सोडून द्यावं. पण तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे.

बेदाण्याला वारा लागतो. आपल्या रानात वारा त्या कोपऱ्यातच खेळतो, अव्वाच म्हणायची. शेड दुसरीकडं घातलं असतं तर माल काळा पडला असता. कट्ट्याचे दगड मी फेकले नाहीत, वीरभद्राच्या देवळामागं नीट रचून ठेवलेत. अव्वाला हात लावलेला नाही. ती जमिनीत आहे तिथंच आहे, वर नुसतं शेड आहे. प्रसाद मी शेडच्या दारात ठेवला होता आणि अव्वाचं नाव घेतलं होतं. त्यात खोटं काय झालं?

तुला सांगितलं नाही, कारण तू सांगू दिलं नसतंस. शलाकाला मी म्हटलं होतं की आपलं रान तेवढं काढ त्या सिनेमातनं. ती म्हणाली, पप्पा, वाजप आणि चित्र एकमेकांवर बसवलंय, एक तुकडा काढला तर पुढचं सगळं घसरतं. परक्यांचं काम, मी गप्प बसलो. तुला हॉलमध्ये नेईल असं वाटलं नाही.

तुझ्या जागेचं म्हणशील, तर अजून पुष्कळ वेळ आहे. आणि बेंगळुरात आता विजेवर दहनाची चांगली सोय झाली आहे म्हणतात. कुणाला त्रास नाही.

बेदाण्याचा डबा बसनं पाठवत आहे, पहिल्या प्रतीचा. राग सोडावा आणि धाकट्यावरची माया आहे तशी ठेवावी.

तुझा,
मल्लाप्पा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूर
२६ फेब्रुवारी २०२६

मल्लाप्पास,

बेदाणे पोचले. अव्वाच्या डोक्यावर वाळवलेले. उघडले नाहीत, त्याच बसनं परत धाडलेत, उतरवून घे.

तुझं पत्र वाचलं आणि शलाकाला समोर बसवलं. म्हटलं, तुला ठाऊक होतं? दिवाळीपासून चार महिने हे पोटात ठेवून माझ्या ताटात जेवतेस, रोज रात्री माझे पाय चेपतेस, आणि तुला ठाऊक होतं? मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. मग ती रडत म्हणाली, की तू तिला अव्वाची शपथ घातलीस, आत्याला तोंडानं सांगायचं नाही म्हणून. थू तुझ्या जिभेवर. अव्वाचा कट्टा मोडून वर अव्वाचीच शपथ!

पोरगी शपथेला भ्याली. तोंड उघडलं नाही. पण तो तुकडा काढता येत नव्हता हे तिनं तुला खोटं सांगितलं. ती म्हणाली, आत्या, काढता आला असता, वाजवणाऱ्यांचा मुख्य तर काढूनच टाक म्हणत होता, नुसतं शेड आहे, त्यात बघण्यासारखं काय. तीच हट्टानं ठेवून बसली. त्या रडक्या सुरावर आपलं रान तिनंच बसवलं आणि मला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. तोंड दिलंय देवानं, ते सोडून या पोरीनं तीस वाजवणारे कामाला लावले! मी तिच्यावर दोन दिवस रागावले होते. आता नाही. घरात एक तरी माणूस माझं निघालं.

तुझं मात्र एकेक वाक्य मी पुन्हा वाचलंय. वर नुसतं शेड आहे म्हणतोस. तुझ्या छातीवर कुणी पत्रे ठोकून नुसतं शेड आहे म्हणालं तर? आणि विजेची सोय! मल्ल्या, तुला गोवर आला होता तेव्हा तुला कडेवर घेऊन मी त्याच लिंबाखाली रात्र काढली होती. मला विजेत घालायला निघालास तू.

जमीन परत मागत नाही. तुझी बाग तुलाच लखलाभ. शेड सगळं पाड असंही म्हणत नाही. त्याचा पूर्वेकडचा खण काढायचा, देवळामागचे दगड आणून कट्टा होता तिथं बांधायचा, आणि शेजारी माझ्यापुरती जागा मोकळी ठेवायची. तिथला माल काळा पडला तर पडू दे.

फोनवर झालं-झालं म्हणू नकोस, आता तुझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. पाडव्याला शलाका कॅमेरा घेऊन रानात येतेय. मी तिच्याबरोबर बांधावर उभी राहून वरनंच बघणार, वाजप नसलं तरी चालेल.

होय की नाही, एवढंच लिही. पाडव्याच्या आत मला उत्तर पाहिजे.

महानंदा