चौदा आखूड उड्यांची वही

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, लिफ्टच्या कारखान्यातला निवृत्त सोल्डरिंग कारागीर. डोके ठिकाणावर आहे, दडपण कोणाचे नाही, अक्षर माझेच आहे. याआधी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. गच्चीच्या दारावरून भांडू नये. ते दोघांनाही नीट लावता येत नाही.

२. माझी हत्यारे सुनेला. घरातली इस्त्री, पंखे तीच दुरुस्त करते. मुलाने हात लावू नये.

३. माझ्या दिवंगत पत्नीची निळी वही मुलीला. पत्नी आमच्याच कारखान्यात लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम लिहायची, तो या वहीत आहे. कारखान्याच्या साहेबांना ती काचेच्या कपाटात हवी आहे, खाली स्वतःच्या नावाची पाटी लावून. पत्नी गेली त्या आठवड्यात साहेब भेटायला आले तेव्हा म्हणाले, "प्रोग्रॅम तसा मीच लिहिला, वहिनी मदतीला असायच्या." मी चहा पुढे केला. मला वेळेवर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

लिफ्टचे चारशे बोर्ड चिप बसवून तयार झाल्यावर कळले, प्रोग्रॅम चिपमध्ये मावत नाही. तेरा बाइट जास्त. साहेब म्हणाले, "बोर्ड भंगारात काढा." ती म्हणाली, "चार दिवस थांबा." प्रोग्रॅममध्ये एका जागेवरून दुसरीकडे जायला उडीची आज्ञा असते. लांब उडी तीन बाइट खाते, आखूड दोन. पण आखूड उडी सव्वाशे बाइटांच्या फार पलीकडे पोचत नाही. तिने प्रोग्रॅमचे तुकडे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून जमिनीवर मांडले आणि हलवत बसली. मी विचारले, हे काय?

"ज्यांचं एकमेकांकडे सारखं जाणं-येणं, त्यांना शेजारी बिऱ्हाड द्यायचं. पट्टीवर पाय देऊ नका."

चौदा उड्या आखूड झाल्या. चारशेच्या चारशे लिफ्ट चालल्या. हे काम तिचे एकटीचे, असे मी अभिमानाने नमूद करतो.

४. तेरा हवे होते, चौदा वाचले. उरलेल्या एका बाइटात काय आहे ते मुलीने गेल्या महिन्यात जुनी चिप वाचून पाहिले. एक अक्षर निघाले. "बाबा, हे आईच्या नावाचं नाही," ती म्हणाली. साहेबांच्याही नावाचे नाही. माझ्या नावाचे पहिले अक्षर आहे. पत्नीने मला कधी सांगितले नाही.

साहेबांना वहीची छायाप्रत जरूर द्यावी. मात्र आधी त्यांनी लेखी कळवावे, की माझ्या नावाचे अक्षर त्यांनी तिथे कशासाठी घातले.

(सही)
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), कोपऱ्यावरचे शिंपी (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ती गेल्याला आज अकरा महिने