फळीवरची भांडी

आई, कोयनेच्या भूकंपानंतर आपल्या पडवीत राहिलेल्या त्या बाईबद्दल आपण दोघी पुन्हा कधीच बोललो नाही. तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज वहीत दुसरंच काही लिहायला बसले होते, आणि लिहिते आहे हे.

त्या पहाटे पनवेललाही खिडक्यांची तावदानं वाजली, पण तेवढंच. पुढे गल्लीगल्लीतून मदतफेऱ्या निघाल्या. तू चादरी दिल्यास, त्या नेणाऱ्यांची चौकशी करून. मग ती आली. घर पडलं, भाऊ उरणला बंदरावर कामाला आहे, त्याचा ठावठिकाणा लागेपर्यंत आसरा द्या म्हणाली. मासळी घेऊन येणारी मावशी टोपली उतरवता उतरवता तुला म्हणाली, "बाय, आता दारावर येल तो कोयनेचाच हाय." तू हसलीस, पण कपाटाची किल्ली त्या दिवसापासून तुझ्या कमरेला आली. ती भांडी घासायची, अंगण झाडायची, आणि एवढ्या थंडीत पडवीतलं अंथरूण उचलून उघड्यावर निजायची. ते तुला खटकलं. मलाही खटकलं, मी कॉलेजात शिकत होते, त्यामुळे तीच शंका मला जरा बऱ्या शब्दांत मांडता यायची, एवढाच फरक.

मग ती सकाळ. आपण बाजारातून येतो, तर स्वयंपाकघरातल्या फळीवरची सगळी तांब्यापितळेची भांडी खाली, भिंतीलगत ओळीनं मांडलेली. तू पिशवी हातातच धरून विचारतेस, "काय गं, न्यायला निवडून ठेवलीस?"

ती म्हणते, "आमची वरनं पडली, बाई. त्या आवाजात पोराची हाक ऐकू आली न्हाई."

मला वाटलं, आता तू तिला जवळ घेशील. तू विचारलंस, "नाव काय त्याचं?" तिचे ओठ हलले, पण नाव आलं नाही. "पोटच्या पोराचं नाव आठवावं लागतं होय?" म्हणालीस, आणि दुपारच्या उरणच्या एस.टी.त तिला बसवून दिलंस. बरोबर भाकरी बांधून दिलीस, हेही लिहायला हवं. भांडी तू स्वतः परत फळीवर चढवलीस. एकही कमी नव्हतं. आपण वेळेवर आलो म्हणून, असं तू म्हणालीस.

तू गेलीस तेव्हा नोंद करायला मी नगरपालिकेत गेले. कारकुनानं मयताचं नाव विचारलं. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. तुझं नाव शेवटी बरोबर आलेल्या मामानं सांगितलं. घरी येताना वाटलं, ती खरीच होती. पण रात्रीपर्यंत माझं मन पुन्हा डळमळलं, कारण खोटं बोलणारं माणूसही ऐन वेळी असंच अडखळतं.

तू असतीस तरी हे तुझ्या हाती दिलं नसतं. चष्मा पुसत तू एवढंच विचारलं असतंस, "मग ती खरी होती का?" आणि मला अजूनही हो म्हणता येत नाही.