एका प्रेसला दोन माणसे

मी, मुक्ताबाई दिगंबर घुले, वय ६३, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने करीत आहे. शुद्धीबद्दल माझे दीर हिंदुराव यांना शंका असल्यास त्यांनी ती कोर्टात काढावी, माझ्या दारात नको. उजवे मनगट मोडल्यामुळे मी सांगते आहे आणि वकील श्रीनिवास लिमये लिहीत आहेत. मनगट हिंदुरावांनी मोडले.

१. राहते घर मुलगा अभय यास. तो हिंजवडीच्या कंपनीत आहे, वारज्याला त्याचा फ्लॅट आहे, त्याला या घराची गरज नाही. न दिल्यास सून बोलेल.

२. आमचे वर्कशॉप बिजागऱ्यांचे. त्यात दोन पॉवर प्रेस, एक माझा, एक हिंदुरावांचा. यजमान होते तोवर प्रत्येक प्रेसला दोन माणसे असत. एक पत्रा सरकवी, दुसरा लोखंडी आकडीने तयार बिजागरी ओढून घेई. डायखाली, म्हणजे वरून आदळणाऱ्या साच्याखाली, कोणाचा हात जात नसे.

दीड वर्षापूर्वी किमान वेतनाचे नवे दर लागले. हिंदुराव म्हणाले, "वहिनी, पगार सरकार वाढवतं. माणसं मी कमी करतो." मी नको म्हटले. त्यांनी दोन्ही प्रेसचे आकडीवाले काढले. संभाजी वानखेडे, वाशिमकडचा, दोघांचे काम एकटा करू लागला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे डायखाली गेली. ती बिजागऱ्यांच्या पेटीत सापडली. हिंदुरावांनी पेटी धुऊन घेतली आणि माल वेळेवर पाठवला.

दवाखान्यातून सुटल्यावर संभाजी सरळ वर्कशॉपला आला. डाव्या हाताने आकडी उचलून त्याने हिंदुरावांचा गाल दातांपर्यंत फाडला. चौकीत मी सांगितले, मला काही दिसले नाही. मृत्युपत्रात खोटे असू नये, म्हणून लिहावे: सगळे दिसले.

३. त्यानंतर माझ्या प्रेसला मी पुन्हा दोन माणसे लावली, नव्या दराने. नफा निम्म्यावर आला. गिऱ्हाईक भाव वाढवून देत नाही. पण दिवाळीला गावी गेलेली माणसे प्रथमच सगळी परत आली, आणि खराब माल कमी निघू लागला.

अभय म्हणाला, "आई, पगार वाढला की माणसं कमी होणारच. मार्केट आहे ते."

"तुझा वाढला तेव्हा कोणाला काढलं रे?"

"ते वेगळं असतं."

असेल.

४. माझा प्रेस आणि शेडमधला माझा हिस्सा संभाजी वानखेडे यास. अट एकच: प्रेसला दोन माणसे, आणि सरकारी दर वाढेल तसा दोघांचा पगार. संभाजी म्हणाला, "काकू, अशानं बुडालो तर?" बुडाल्यास प्रेस भंगारात घालावा. एका माणसावर चालवू नये.

५. माझा हा विचार कळल्यावर हिंदुराव दोन माणसे घेऊन स्वयंपाकघरात आले. हिस्सा त्यांच्या नावे करण्याचे कागद आणले होते. मी सही केली नाही. "सही करायची नाही, तर हात कशाला हवा?" असे म्हणून त्यांनी माझा हात पाट्यावर दाबला आणि वरवंटा घातला. दोनदा. पहिल्या घावातच मोडला होता.

सबब पाटा व वरवंटा हिंदुरावांना. घासून देऊ नये.

६. माझ्या तिरडीला हिंदुरावांनी खांदा देऊ नये. आल्यास संभाजीने त्यांना बाहेर काढावे. कसे, ते मी सांगत नाही.

७. नोंदणी होताच याची एक प्रत हिंदुरावांना पोचवावी. मी मेले की हिस्सा संभाजीचा. मी जिवंत आहे तोवरच त्यांना माझ्याशी भांडता येईल. हिशेबात ते हुशार आहेत. मला जपतील.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

मुक्ताबाई दिगंबर घुले
(डाव्या अंगठ्याचा ठसा, लिहिता येते)

साक्षीदार:
१. डॉ. नम्रता आठवले, सदाशिव पेठ. प्लास्टर यांनीच घातले.
२. श्याम कुदळे, शेजारचे वर्कशॉप. आरडाओरडा ऐकून आले, तेव्हा उशीर झाला होता.

पुणे, ७ फेब्रुवारी २००५