लाल टॅगचा वरचा कोपरा

सोम., १० नोव्हें.

१. काल माझी वेबसाइट सुरू केली.
२. पहिल्या पानावर माझा फोटो नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये सदोष पार्टला बांधतात त्या लाल रिजेक्शन टॅगचा फोटो आहे. दोषाच्या रकान्यातलं पुसून माझे दोष टाकले : 'डिप्लोमा मेकॅनिकलचा, कोडिंग घरी शिकलेलं. हसू मापात बसत नाही. गर्दीत ठेवल्यास गंजते.' शेरा : 'विशेष परवानगीने स्वीकारावे.'
३. कॉलेज रोडवरच्या एका छोट्या कंपनीत ज्युनियर वेब डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत लिंक.
४. रेश्माला दाखवली. एका खोलीत राहतो, एकाच वर्कशॉपमध्ये आहोत. ती डिस्पॅचला, मी तपासणीला. तिने मला न विचारता वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकली.
५. आज सकाळी सगळे हसत होते.
६. टॅगच्या वरच्या कोपऱ्यात ग्राहकाचा पार्ट नंबर आणि ड्रॉइंग नंबर आहेत. स्वच्छ वाचता येतात.
७. हे मला डबा खाताना दिसलं.

डबा तसाच ठेवून फोनवरूनच साइट बंद केली.

शॉपमध्ये फोटो काढायला मनाई आहे. ती पाटी मीच छापून लावली होती. ग्राहकाचे नंबर बाहेर गेले तर काम जातं, वर्कशॉपचं. माझं तर आधी.

टॅग रोज हातातून जातात. वरचा कोपरा मी वाचतच नाही, नजर सरळ दोषावर. दुसऱ्याने असं केलं असतं तर...

लेथवरचे सोनवणे : "मॅडम, आमचे पार्ट रिजेक्ट करून मन भरलं नाय का? स्वतःलाच टॅग लावला! पण लय भारी हाय."

मंगळ., ११ नोव्हें.

जाधव सरांना सांगायचं की नाही. क्वालिटीचे प्रमुख ते, मालकांना उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

रेश्मा म्हणाली, "अगं काढलंस ना? झालं मग. सर ग्रुप उघडतात तरी का कधी? गप्प बस." ग्रुपवर टाकल्याबद्दल तिने दोनदा सॉरी म्हटलं. ठीक आहे. फोटो तिने नव्हता काढला.

दुपारी कॉलेज रोडवरून मेल. 'टॅग वाचून इथे सगळे हसले. गुरुवारी भेटायला या. लिंक आता उघडत नाही, एकदा बघाल का?'

म्हणजे ज्याच्यामुळे बोलावलं तेच दाखवता येणार नाही.

संध्याकाळी देवळ्याहून आईचा फोन. कांद्याची रोपं चांगली उगवलीत. मग, "स्वतःचे दोष कोण सांगत बसतं गं लोकांना? चांगलं काहीच नाही का तुझ्यात?" तिच्यापर्यंत कसं गेलं, विचारलं नाही. रेश्मा शेजारीच नखं रंगवत होती, मान खाली घालून.

बुध., १२ नोव्हें.

सांगितलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आत, त्यांच्या केबिनमध्ये.

"सर, एक रिजेक्शन आहे. माझंच."
"दोष काय?"
सांगितला.
"मूळ कारण?"
"वरचा कोपरा तपासला नाही."
"हे कारण नाही. हे दोषाचंच वर्णन झालं."

बरोबर होतं. हेच वाक्य मी ऑपरेटरना ऐकवते. विचार करून म्हटलं, "माझं काम मीच पास केलं. दुसऱ्या कोणाला तपासायला दिलं नाही."

"हं. तात्पुरता उपाय?"
"साइट बंद केली. फोटोची फाइल सर्व्हरवरून पुसली, फोनमधूनही."
"पुन्हा होऊ नये म्हणून?"
"फोटो वापरणारच नाही. टॅग पूर्ण कोडमध्ये काढेन. आणि आधी दुसऱ्याला तपासायला देईन."

मग म्हणाले, "त्यात लिहिलं काय होतंस ते तरी वाच."

मी वाचलं. 'गर्दीत ठेवल्यास गंजते'ला सर हसले. असे की चष्मा काढावा लागला. इथे लागल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग चष्मा लावून, "मालकांना सांगावं लागेल. ग्राहकाला कळवायचं की नाही, ते ठरवतील. बस, चहा घे."

चहात साखर फार होती. सगळा प्यायले.

जिना उतरून तपासणीच्या टेबलाशी गेले. निकाल काय लागायचा तो लागो.

गुरु., १३ नोव्हें.

अर्धी रजा. सकाळी टॅग पुरा केला. लाल आयत, वर भोक, भोकातून दोरी. बोट लावलं की टॅग हलतो. एकही फोटो नाही. वरच्या कोपऱ्यात पार्ट नंबरच्या जागी : 'सांगता येत नाही.'

रेश्माला तपासायला दिला. तिने फोन डोळ्याजवळ नेला. "दोरी भोकातून कुठे जातेय? बाजूनं लोंबतेय बघ." लॅपटॉपवर ठीक होती, तिच्या फोनवर खरंच लोंबत होती. दुरुस्त केली. खाली लिहिलं : 'तपासणी : रेश्मा, डिस्पॅच.' तिने लगेच लिंक कॉपी केली. कुठे पाठवली ते कळेलच.

मुलाखत. तिथल्या मॅडमनी आधी टॅग हलवला, मग पुन्हा हलवला. "पण आधी खरा फोटो होता ना? तो का काढला?"

सांगितलं. पार्ट नंबरसकट, म्हणजे नंबर सोडून सगळं.

"हे आम्हाला नसतं सांगितलं तरी चाललं असतं."
"तुम्ही विचारलंत."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग कोडबद्दल पुष्कळ विचारलं. दोन गोष्टी येत नव्हत्या. येत नाहीत म्हटलं.

सोम., १७ नोव्हें.

नोकरी मिळाली. मेल तीनदा वाचली, वरच्या कोपऱ्यासकट.

१ डिसेंबरपासून. अट : आताच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, कुठलीही तक्रार बाकी नसल्याचं.

सरांना सांगितलं. "अभिनंदन," म्हणाले. मग, "मालक अजून काही बोलले नाहीत. मी दोनदा विषय काढला. तू लेखी विचार."

आईला फोन केला. "दोष वाचूनही घेतलं?" ... "हो." ... "बरी माणसं आहेत मग."

जाताना सोनवणे : "मॅडम, आता आमचे पार्ट कोण रिजेक्ट करणार?"
"येईल कोणीतरी."
"येईल हो. पण त्याचा टॅग हलणार नाय."

मंगळ., १८ नोव्हें.

शांत झोप लागली. उत्तर काहीही आलं तरी लपवलेलं काही शिल्लक नाही, इतकं पुरे आहे. जवळजवळ पुरे.

मेल लिहिली. मालकांना, प्रत जाधव सरांना. पाठवण्याआधी रेश्माला वाचायला दिली. तिला चूक सापडली नाही, म्हणून तिने आणखी एकदा वाचली. पाठवली ती अशी :

'सर, रिजेक्शन टॅगचा फोटो मी मनाई असताना काढला व माझ्या वेबसाइटवर वापरला. तो रविवारी दुपारपासून सोमवारी दुपारपर्यंत तिथे होता. पूर्ण तपशील जाधव सरांकडे दिला आहे. सोबत माझा राजीनामा जोडत आहे. ग्राहकाला कळवायचे असल्यास माझे नाव घालून कळवावे, हरकत नाही. मला रिलीव्हिंग लेटर मिळेल की नाही, हे शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत कळवावे, ही विनंती.'