मुळ्याची युद्धनौका

तोकुजी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुम्हा आरमारी गोदीवाल्यांची पत्रं उघडून वाचतात, तेव्हा हे टपालात टाकणार नाही. तेही निमित्तच म्हण.

जेवताना तू मला नव्या युद्धनौकेची गंमत सांगितलीस. पुढच्या-मागच्या तोफा लांब, बाजूच्या आखूड, तोंडं मात्र सारखीच. "आजी, बाहेर बोलायचं नाही हं," म्हणालास. दुसऱ्याच दिवशी गावच्या न्हाणीघरात पाठ चोळता चोळता मी म्हणाले, "अगं, मी लोणच्याचे मुळेसुद्धा एका मापाने कापते! या साहेबांना तेवढंही कळू नये?" बायका हसून हसून गरम पाण्याच्या हौदात बुडायच्या राहिल्या. आठवड्यात सगळं कुरे गाव त्या जहाजाला 'मुळा' म्हणू लागलं.

गोष्ट गोदीतल्या साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी विचारल्यावर तू सांगितलंस, "दारू पिऊन घरी बरळलो. आजीला बिचारीला काय कळतं, गुपित कशाला म्हणतात ते!" अरे, साकेच्या नुसत्या वासाने तुला शिंका येतात! जहाजांच्या नकाशांच्या खोलीतून तुला कोळशाच्या वखारीत टाकलं. मला एका शब्दाने बोलला नाहीस, फक्त दुसरीकडे खोली घेतलीस.

काल न्हाणीघरात शेजारची शिगे म्हणाली, "ताने आजी, तुमच्यासारख्या शहाण्या बाईचा नातू असा बेवडा निघावा! कसं सोसता हो?"

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. पण मी मान खाली घातली आणि म्हणाले, "काय करणार बाई, नशीब."

गावाने शहाणी ठरवलेली तुझी आजी,
ताने