आधी सॉसेज, मग भाज्या

प्रिय सुलेखा,

शनिवारी आपली शाळा अर्धीच असायची. छावणीतल्या तुझ्या घरी पोचलो की तू दप्तर कोपऱ्यात टाकायचीस आणि मोजेही न काढता स्टोव्हला पंप मारायला बसायचीस. तुझे वडील, मोतीरामकाका, लष्कराच्या मेसमध्ये खानसामा. त्यांनी कधीतरी कागदात गुंडाळून चार सॉसेज आणलेले असायचे. तू ते तिरके कापून आधी कढईत टाकायचीस, आणि कडा तांबूस होऊन चरबी सुटेपर्यंत मला हातही लावू द्यायची नाहीस. मग त्याच चरबीत जाड चिरलेला कांदा, गाजर, सिमला मिरची, सगळ्यात शेवटी कोबी. आच मोठी, झाकण नाही. मीठ उतरवताना, तेही चिमूटभर. दहा मिनिटांत कढई खाली. बारा वर्षांच्या मुलीचा तो हात बघून मला वाटायचं, हिला जगात काही अवघड जाणार नाही. पुढं पिशोरला मुख्याध्यापिका झालीस, तेव्हाही तू शाळा तशीच चालवलीस. घाई नाही, पण कुठं वेळही वाया नाही.

परवा स्वरदा, माझी नात, सॉसेजचं पाकीट घेऊन आली. आमच्या स्वयंपाकघरात ही गोष्ट पहिल्यांदाच शिरली. आई जाऊन दहा वर्षं झाली, तरी मी दाराकडे बघितलंच. पोरीनं सगळं एकदम कढईत टाकलं, वर मीठ घातलं, झाकण ठेवलं. भाज्यांना पाणी सुटलं. मी तिला बाजूला सरकवलं, दुसरी कढई तापवली, आणि तुझ्यासारखं केलं. पन्नास वर्षांत एकदाही केलं नव्हतं, पण हात चुकला नाही. स्वरदा खाता खाता म्हणाली, आजी, तू हे शिकलीस कुठं?

मी तिला तुझं घर सांगितलं. मग राहिलेलंही सांगितलं. माझ्या गणवेशावरचा तेलाचा डाग आईनं हुंगला, तेव्हा मार चुकवायला मी म्हणाले होते की सुलेखानं भाजी आहे असं सांगून मला खायला दिलं. मला पक्कं ठाऊक होतं मी काय खाते ते. मागून घेऊन खायचे मी. दुसऱ्या दिवशी आई शाळेच्या फाटकाशी उभी राहिली आणि सगळ्या मुलींसमोर तुला म्हणाली, "काय गं, माझ्या मुलीला फसवून खाऊ घातलंस?"

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "हो, काकू," एवढंच म्हणालीस.

त्यानंतरही तू मला गणित शिकवायला आमच्याकडे येत राहिलीस. तुझा चहा कान तुटलेल्या कपात, आणि तो कप खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून लांब. चहा झाला की तू स्वतः तो विसळून खिडकीत ठेवायचीस आणि पुढचं उदाहरण काढायचीस. मी बघत बसायचे. तो विषय तू कधी काढला नाहीस; माझ्या लग्नात नाही, आईच्या दहाव्याला आलीस तेव्हाही नाही. तुझं मन मोठं म्हणून मी आजवर तुझं कौतुक करत आले. कौतुक करणं सोपं होतं गं.

स्वरदानं विचारलं, "मग त्यांना काही बोललीस का कधी?" म्हणून हे पत्र. मी खोटं बोलले, सुलेखा. तू ते अंगावर घेतलंस, आणि मी घेऊ दिलं. मला माफ कर, असं लिहायला मला एवढी वर्षं लागली.

हे पत्र आणि डबा घेऊन स्वरदा उद्या हर्सूलला तुझ्याकडे येईल. सॉसेज मी सकाळी ताजे करून देईन. वरचा कप्पा तुझा, तो गरम करताना झाकण ठेवू नकोस. खालचा तुझ्या बुद्धभूषणचा आणि सूनबाईंचा. पिशवीत तळाशी फडक्यात गुंडाळलेला तो खिडकीतला कप आहे. तो मात्र तुझा नाही. माझ्या नावानं तुझ्याकडे ठेव. रविवारी ये म्हणालीस, तर चहा मला त्यातच दे. विसळायचं मी बघीन.

तुझीच,
पमा