नियमांची अकरा पानं

३ डिसेंबर

सरांशी खोटं बोलले. "सगळं वाचलं का?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "हो सर." अकरा पानं आहेत. मी चार वाचली. सगळं इंग्रजी. पाचव्या पानापासून नुसते आकडे, आकृत्या आणि असले लांबलचक शब्द की डिक्शनरी उघडून उघडून वैताग आला.

रोहिदास सर आम्हाला विज्ञान शिकवतात. जानेवारीत नाशिकला शाळांची रोबोट स्पर्धा आहे. त्यासाठी त्यांनी तिघांची टीम केली — मी, रुपी आणि नितीन. तिघंही नववीचे. वर्गासमोर म्हणाले, "आपल्या आश्रमशाळेत इंग्रजीला न घाबरणारी एकच पोरगी, करिष्मा. नियम ती वाचणार, प्रोग्राम ती लिहिणार." एवढं कौतुक झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगू, की मला पाचवं पान कळत नाही? सांगून टाकलं — "सोपं आहे सर. लाइनवरून गाडी चालवायची, शेवटापर्यंत. घसरली की बाद." सर खूश.

मला खरं तर रोबोटबिबोटचं काही नाही. नाशिक बघायचंय. आणि प्रमाणपत्रावर नाव पाहिजे.

६ डिसेंबर

सरावाची लाइन काढायची कुठे? वर्गात बाकं हलवली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ओरडतात. जागा रुपीनेच शोधली. स्वयंपाकघराच्या मागे लाकडं ठेवायची जुनी खोली आहे, खाली माती. तिने पाटीभर शेण आणलं, खोली सारवली. वाळल्यावर भिजवलेले तांदूळ वाटून घेतले आणि त्यात बोट बुडवून लाइन काढली. वळणं, आलटून पालटून आत-बाहेर, शेवटी आडवी पट्टी. एवढी लांब, पण कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. तिची आई लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिते, हात तिकडून आलाय. नितीन तोंड उघडं टाकून बघत बसला.

सर येऊन बघून गेले. "झकास," म्हणाले.

रुपी सूर्यमाळची, आमच्याच पाड्यातली. पहिलीपासून एका ताटात जेवतो. इथे जव्हारला वसतिगृहात आलो तेव्हाही अंथरुणं शेजारीच टाकली.

१५ डिसेंबर

गाडी चालते, पण आडवी! रुपी म्हणाली, "ही तं खेकडी." नाव पडलं. चाकं घसरत होती तर रुपीने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापून चाकांवर चढवल्या. आता बरी चालते.

गाडीच्या पोटाखाली दोन डोळे आहेत, सेन्सर. मधून लाइन जाते. डाव्या डोळ्याला पांढरं दिसलं तर डावीकडे वळ, उजव्याला दिसलं तर उजवीकडे. दोघांनाही जमीन दिसली तर सरळ जा. दोघांनाही पांढरं दिसलं तर थांब, शेवटची पट्टी आली. हे मी लिहिलं. लिहिलं म्हणजे ज्या संस्थेने किट दिलं, त्यांच्या दादाच्या वहीत बघून उतरवलं. कंटाळा येतो. नितीन वायरी जोडताना शिट्टी वाजवतो, त्याचाही कंटाळा येतो.

४ जानेवारी

खेकडी आज एकदाही न घसरता शेवटापर्यंत गेली. सलग सहा वेळा. मोठ्या बाई बघायला आल्या, टाळ्या वाजवल्या.

नंतर रुपी विचारते, "तिकडं पण शेणाचीच जमीन असंल का गं?"

आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त. म्हटलं, "अगं शहरात शेण कुठलं? पांढरी फरशी असेल, नाही तर बॅनरसारखं काहीतरी."

"मंग पांढऱ्यावर पांढरी लाइन दिसंल कशी?"

मी म्हटलं, "लाइन म्हणजे लाइन. कागदात सगळं आहे." तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास आहे.

पण मनात पाल चुकचुकली. उद्या पुढची पानं वाचते. नक्की.

१७ जानेवारी

उद्या नाशिक. रुपीने माझ्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घालून दिल्या. पानं राहिली ती राहिलीच.

१९ जानेवारी

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहिते, जसं झालं तसं.

एसटीने मोखाडा, त्र्यंबक करत नऊला पोचलो. मोठं कॉलेज. हॉलमध्ये शिरलो. खाली पांढरंशुभ्र फ्लेक्स आणि त्यावर काळी लाइन.

काळी.

आमचा नंबर पुकारला. रुपीने खेकडीला दोन्ही हातांनी लाइनवर ठेवलं, नितीनने बटण दाबलं. खेकडी हललीच नाही. हलणार कशी? दोन्ही डोळ्यांना पांढरंच दिसत होतं. पांढरं दिसलं की थांब, असं मीच तर तिला शिकवलेलं. तीन मिनिटं ती तिथे उभी. बाजूच्या शाळेची मुलं हसली. पहिली फेरी शून्य.

दुसरी फेरी चाळीस मिनिटांनी होती. मी शाळेचा लॅपटॉप घेऊन हॉलच्या बाहेर भिंतीला टेकून बसले. सगळं उलटं करायचं — पांढरं ते जमीन, काळं ती लाइन. केलं. कोपऱ्यात सरावाला फ्लेक्सचा तुकडा ठेवला होता, त्यावर सोडली. चालली, पण पहिल्याच वळणावर बाहेर! वहीत याचं उत्तर नव्हतं. पहिल्यांदाच वही नव्हती, सर नव्हते, मी आणि ती. मग ध्यानात आलं, फ्लेक्स चमकतं, वरच्या ट्यूबलाइटची तिरीप थेट डोळ्यात जाते आणि काळ्यालाही ती पांढरं समजते. किती उजेड म्हणजे पांढरं, तो आकडा बदलला. पुन्हा बाहेर. पुन्हा बदलला. वेग कमी केला. सोडली. वळणावर आली, थबकली, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, जसं कुणी अंधारात पायाने वाट चाचपतं — आणि वळली.

कसं लिहू? मी मनात केलेला विचार समोर जमिनीवर चालत होता. असं मला कधी झालं नव्हतं. वर्गात पहिला नंबर आला तेव्हाही नाही.

दुसऱ्या फेरीत खेकडी शेवटपर्यंत गेली. चौतीस शाळांत आम्ही सहावे. पहिल्या सहा शाळांना मार्चमध्ये पुण्याला पुढची फेरी. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसत होते. येताना एसटीत रुपी पुढच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली होती. मला वाटलं, झोपली.

घाट लागला तेव्हा नितीन हळूच म्हणाला, "तू का नाही आलीस गं?"

"कुठे?"

त्याने सांगितलं, मी बाहेर बसले होते तेव्हा हॉलच्या दारात सरांनी सगळ्यांसमोर रुपीला फाडून खाल्लं. "पांढरी लाइन कुणी काढली? करिष्माने काळी सांगितली असेल, तू आपलं घरचं सारवण समजून पांढरी काढलीस. शेणातली अक्कल शेणातच राहणार. तुला टीममध्ये घेतली हीच चूक." रुपी म्हणाली, "लाइन मीच काढली." एवढंच. मग तिने माझ्याकडे बघून मला हाक मारली. नितीन म्हणतो, दोनदा मारली. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं.

मला ऐकूच आलं नाही. देवाशप्पथ, ऐकू आलं नाही. मी त्या आकड्यात होते.

की आलं होतं?

२१ जानेवारी

परिपाठाला आमच्या नावाने टाळ्या. सर म्हणाले, पुण्याला करिष्मा, नितीन आणि रुपीच्या जागी जगन. जगन 'ब' तुकडीचा, त्याला चाक कुठल्या बाजूने बसवतात हेही माहीत नाही. रुपी शेवटच्या रांगेत होती. मी मान वर केली नाही.

या वेळी मात्र मला सगळं ऐकू आलं. तरी गप्प बसले. सांगितलं तर सर लॅपटॉप काढून घेतील, हाच एक विचार. नाशिक बघून झालं, प्रमाणपत्र मिळालं, आता त्याचं काही नाही. लॅपटॉप गेला तर मी काय करू?

२८ जानेवारी

अकराची अकरा पानं वाचली. काळी लाइन सहाव्या पानावर आहे. चित्रासकट आहे. चित्र बघायला इंग्रजी लागत नाही.

मधली सुट्टी झाली की पाय त्या खोलीकडेच वळतात. खेकडीला आता दोन्ही लाइनी कळतात. सुरू झाली की आधी स्वतःच बघते, जमीन काळी की पांढरी, आणि मग ठरवते. हे कुणी शिकवलं नाही, मीच शोधलं. इतका आनंद झाला की सांगायला मागे वळले. मागे कोण असणार?

रुपीने अंथरूण उचलून आमच्या वर्गातल्या बायडीशेजारी टाकलंय. भांडत नाही, टोमणा मारत नाही. आधी भांडायची तेव्हा बरं होतं. ताट वेगळं झालं. मी जवळ गेले की म्हणते, "जा, तुझं काम पडलंय."

५ फेब्रुवारी

रुपी शनिवारी घरी गेली ती आलीच नाही.

९ फेब्रुवारी

पाड्यावर गेले होते. घरी दप्तर टाकलं आणि तशीच रुपीकडे. रुपी पाण्याला गेलेली. रामीकाकी, तिची आई, नागली निवडत होती. म्हणाली, "शाळा नको म्हनतं पोरगी. मना डोकंच नाय, असं सरच बोलला, म्हनतं. मामाबरोबर वाड्याकडं वीटभट्टीवर जाईन म्हनतं. तू तरी सांग गं तिला. तू हुशार, तुझं ऐकंल."

माझं ऐकेल! जमीन दुभंगावी असं झालं. मी हो हो केलं. दुसरं काय करणार?

रुपी डोक्यावर दोन हंडे घेऊन वर आली. मला बघून थांबली नाही. मी मागे मागे घरात गेले. म्हटलं, "रुपे, चूक माझी होती, मी पानं वाचली नव्हती." ती हंडे उतरवत म्हणाली, "मना काय सांगतंस? मना म्हायतीच हाय. मी इचारलेलं तुला."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांग, असंच ना?

११ फेब्रुवारी

सरांना प्रयोगशाळेत गाठलं आणि सगळं सांगितलं. सर बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडून तिकडे करत होते. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं.

"अजून कुणाला बोललीस?"

"रुपीला."

"मग आता पुरे. झालं ते झालं. मोठ्या बाईंच्या कानावर गेलं तर पुणं रद्द होईल. नियम मी बघितले का, हेही विचारतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्यात आहे ते, करिष्मा. एका चुकीपायी घालवू नको."

बाहेर आले तर खरंच हलकं वाटलं. माझीच मला किळस आली. रुपी भट्टीवर जाणार, आणि मला हलकं वाटतंय.

१२ फेब्रुवारी

परिपाठात सुविचाराची पाळी बायडीची होती. तिला म्हटलं, आज मला दे. माईकसमोर गेले. सुविचार सांगितलाच नाही. सांगितलं की अकरा पानं मला दिली होती, मी चार वाचली आणि खोटं बोलले. रुपीने लाइन नीट काढली होती. लाइन कशी असणार, हे तिने विचारलंही होतं, मी हसले होते. तिला दोष दिला तेव्हा मी गप्प बसले.

सरांचं नाव घेतलं नाही. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

१३ फेब्रुवारी

पुण्याच्या यादीतून माझं नाव काढलं. बरोबरच आहे. पण मोठ्या बाई म्हणाल्या, "प्रोग्राम दुसऱ्या कुणाला येत नाही. गाडी तूच तयार करून द्यायची. नेणार नितीन, जगन आणि रुपी." म्हणजे ज्या लॅपटॉपसाठी एवढे दिवस जीभ टाळ्याला चिकटली होती, तो गेलाच नाही.

१६ फेब्रुवारी

मोठ्या बाई आणि रोहिदास सर जीपने सूर्यमाळला गेले होते. सरांनी रामीकाकीसमोर रुपीची माफी मागितली. नितीनने जीपच्या ड्रायव्हरकडून ऐकलं. रुपी उद्या येते म्हणाली.

१७ फेब्रुवारी

रुपी आली. टीमला नाही म्हणाली. मी खूप विनवलं — तुझी जागा आहे, पुणं आहे, खेकडी तुझीच आहे. ती म्हणाली, "मना कधी व्हती गोडी त्या गाडीची? तू जायचीस म्हनून मी यायची." आणि बायडीबरोबर जेवायला गेली. मी तिथेच पायरीवर बसून रडले. आणि रडता रडताच विचार करत होते, खेकडीची डावी मोटर गरम का होते.